नुसत्या ‘एमआरसीपी’वर स्वादुपिंडाला क्लीन चिट देऊ नका: एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील एमआरआय केंद्रांचे चालक, रेडिओलॉजी विभागांचे प्रमुख, एमआरआय तंत्रज्ञ
आणि पोटाचा एमआरआय लिहून देणारे सर्व डॉक्टर

विषय: स्वादुपिंडाच्या एमआरआयसाठी स्वतंत्र आणि पूर्ण प्रोटोकॉल

सप्रेम नमस्कार.

स्वादुपिंडाचा संशय घेऊन येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘एमआरआय अ‍ॅब्डोमेन’ किंवा नुसते ‘एमआरसीपी’ (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचा एमआरआय) लिहिलेले असते. चिठ्ठीवर जे असते तेच केंद्रात होते, तेवढ्याचेच पैसे लागतात आणि रिपोर्टमध्ये ‘स्वादुपिंड सामान्य’ ही ओळ येते. पुढचे काही महिने रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर त्या ओळीवर विसंबून राहतात. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान घन गाठ नाही, असे म्हणण्याइतकी माहिती या दोन्ही तपासण्यांतून मिळतच नाही. ज्या गाठी निसटतात त्यांतल्या बऱ्याच दीड टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचे माप) साध्या मशीनवरही दिसल्या असत्या. त्या निसटतात जाड स्लाइसमुळे (स्लाइस म्हणजे प्रतिमेचा एक काप), चुकलेल्या वेळेमुळे, न दिलेल्या कॉन्ट्रास्टमुळे (शिरेतून देण्याचे, फरक उठावदार करणारे औषध) आणि अर्धवट चिठ्ठीमुळे. म्हणून आमची मागणी एकच आहे: स्वादुपिंडाचा एमआरआय ही वेगळी तपासणी माना. तिचे सिक्वेन्स (वेगवेगळ्या पद्धतींनी घेतलेले प्रतिमांचे संच) ठरलेले असावेत, तिला ३० ते ४० मिनिटांचा स्लॉट असावा आणि तिचा दर वेगळा असावा.

लहान गाठीसाठी एवढा आग्रह का, ते आधी सांगतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान होते तेव्हा शस्त्रक्रिया करता येईल अशा अवस्थेत शंभरातले पंधरा-वीसच रुग्ण असतात. जपानच्या राष्ट्रीय नोंदणीत एक सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींमध्ये पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्के नोंदले गेले, एक ते दोन सेंटिमीटरच्या गाठींमध्ये ते जवळपास ५० टक्क्यांवर आले. गाठ एक सेंटिमीटरपर्यंत असतानाच सापडलेले रुग्ण मात्र त्या नोंदणीत एक टक्काही नव्हते. सीटीचे काम आम्ही कमी लेखत नाही. रक्तवाहिन्यांशी गाठीचा संबंध कसा आहे हे पाहायला सीटीच पहिली. पण सुमारे दहा टक्के गाठी सीटीवर आजूबाजूच्या स्वादुपिंडाइतक्याच करड्या दिसतात, आणि दोन सेंटिमीटरखालच्या गाठींत हे प्रमाण आणखी वाढते. सीटीवर स्वादुपिंडाची नळी फुगलेली आहे पण गाठ दिसत नाही, अशा रुग्णाला एमआरआयचा खरा उपयोग होतो. नेमका तोच रुग्ण ‘एमआरसीपी’ची चिठ्ठी घेऊन येतो.

एमआरसीपी म्हणजे पाण्याचे चित्र. टी-टू (पाणी उजळ दाखवणारा सिक्वेन्स) इतके ताणलेले असते की पित्त आणि स्वादुरस तेवढे उजळतात, बाकी सगळे काळे होते. नळी कुठे तुटली, कुठे फुगली, सिस्ट (पाण्याने भरलेली पिशवी) नळीला जोडलेली आहे का, हे त्यात उत्तम दिसते. घन गाठ त्यात दिसत नाही, दिसतो तो तिने नळीवर केलेला परिणाम. अनसिनेटमधली (स्वादुपिंडाच्या डोक्याचा खालचा, मागे वळलेला भाग) किंवा शेपटीच्या टोकाची गाठ नळीपासून लांब असेल तर एमआरसीपी निखळ सामान्य येते. ‘एमआरसीपी नॉर्मल’ याचा अर्थ नळ्या नॉर्मल, एवढाच.

चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना विनंती आहे की ‘स्वादुपिंड प्रोटोकॉल, कॉन्ट्रास्ट, डिफ्यूजन व एमआरसीपीसह’ असे स्पष्ट लिहावे (डिफ्यूजन म्हणजे ऊतींतल्या पाण्याच्या हालचालीवरून काढलेले चित्र). त्याखाली तीन-चार ओळी आणखी हव्यात. वजन किती महिन्यांत किती उतरले, मधुमेह केव्हापासून आहे आणि अलीकडे साखर अचानक बिघडली का, बिलिरुबिन आणि सीए १९-९ (रक्तातला कर्करोगसूचक पदार्थ) किती, क्रिएटिनिन किती, घरात कुणाला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता का, आधीची सीटी किंवा सोनोग्राफी कधीची, आणि स्टेंट (नळी उघडी ठेवणारी नलिका) असल्यास तो कोणता व कधी टाकला. सीए १९-९ कावीळ असताना खोटा वाढतो, आणि काही लोकांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही, हेही ध्यानात असावे. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या रुग्णांपैकी साधारण एक टक्का लोकांत तीन वर्षांच्या आत स्वादुपिंडाचा कर्करोग सापडतो. आपल्या राज्यात नव्या मधुमेहींची संख्या पाहता सगळ्यांचा एमआरआय करणे शक्य नाही आणि योग्यही नाही. पण वजन उतरत असताना साखर चढत चालली असेल, तर त्या रुग्णाचा विचार वेगळा करायला हवा. चाळिशी ओलांडलेल्या, पित्ताचे खडे नसलेल्या आणि दारू न पिणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच स्वादुपिंडाचा तीव्र दाह झाला, तर दाह ओसरल्यावर, साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, हा प्रोटोकॉल करून घ्यावा. नळी अडवणारी छोटी गाठ कधी कधी अशीच पहिल्यांदा समोर येते.

स्टेंटबद्दल स्वतंत्रपणे आणि कळकळीने लिहितो. कावीळ दिसली की घाईने ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनळीत केलेली प्रक्रिया) होते, स्टेंट पडतो आणि मग एमआरआयला पाठवले जाते. तोवर फुगलेली पित्तनळी आकसलेली असते, नळीत हवा शिरलेली असते, स्टेंट धातूचा असेल तर डोक्याच्या भागातल्या प्रतिमा विस्कटतात, आणि ईआरसीपीनंतर दाह झाला असेल तर गाठ आणि सूज वेगळी काढणे अवघड होते. ज्या भागात गाठ असण्याची शक्यता सर्वांत जास्त, तोच भाग आपण आपल्या हाताने झाकून टाकतो. रुग्णाला ताप आणि थंडी नसेल, पित्तनळीला जंतुसंसर्ग झालेला नसेल, तर आधी एमआरआय किंवा पॅन्क्रियास प्रोटोकॉलची सीटी आणि मग स्टेंट, हाच क्रम ठेवावा. एका दिवसाचा फरक पडतो, तेवढाच.

आता तयारी. रुग्ण ४ ते ६ तास उपाशी हवा, नाहीतर जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) यांतले पाणी एमआरसीपीत स्वादुपिंडावर पसरते. अननसाचा रस उपयोगी पडतो, कारण त्यातले मँगनीज टी-टूवर पाणी काळे करते. तपासणीच्या पंधरा-वीस मिनिटे आधी एक ग्लासभर पुरतो. मात्र प्रत्येक कंपनीच्या रसात मँगनीज सारखे नसते, त्यामुळे पहिल्या जाड स्लॅबमध्ये (एका श्वासात घेतलेले एमआरसीपीचे एकच जाड चित्र) जठर काळे झाले आहे का ते पाहून पुढे जावे. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत रसातल्या साखरेचा हिशेब धरावा. आतड्याची हालचाल थांबवायला हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मिलिग्रॅम शिरेतून देतात. काचबिंदू, मायस्थेनिया, लघवी अडकवणारी प्रोस्टेटची वाढ किंवा वाढलेले ठोके असतील तर ते देऊ नये. त्याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो, म्हणून रुग्ण आत जाण्यापूर्वी न देता डिफ्यूजन आणि डायनॅमिकच्या (कॉन्ट्रास्ट दिल्यावर लागोपाठ घेतलेल्या प्रतिमा) तोंडावर द्यावे. पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कॉक्लियर इम्प्लांट यांची विचारपूस नेहमीची आहे, तिच्यावर इथे अधिक लिहीत नाही.

मशीनचा प्रश्न वारंवार विचारला जातो. तीन टेस्लावर सिग्नल जास्त मिळतो, बारीक स्लाइस घेता येतात आणि एमआरसीपी अधिक रेखीव येते. पण पोटात पाणी साचलेल्या रुग्णात तिथे मधोमध काळे डाग पडतात आणि हवेशेजारचे डिफ्यूजन जास्त वाकडे होते. चांगल्या कॉइलचे (पोटावर ठेवायचा, सिग्नल टिपणारा पट्टा), नीट ट्यून केलेले दीड टेस्लाचे मशीन या कामाला पुरेसे आहे. कॉइलचा मध्य नाभीवर न ठेवता बरगड्यांच्या कमानीखाली, स्वादुपिंडाच्या पातळीला ठेवावा. श्वासाचा पट्टा कपड्यांवरून सैल बांधला तर ट्रिगर (श्वासाशी जुळवून प्रतिमा घेणे) चुकतो आणि थ्री-डी एमआरसीपीला पंधरा मिनिटे लागूनही चित्र धूसर येते.

सगळ्यांत आधी टी-वन फॅट सॅट, म्हणजे चरबीचा उजेड दाबलेला टी-वन सिक्वेन्स. स्वादुपिंडाच्या पेशींमध्ये प्रथिने भरपूर असल्यामुळे निरोगी ग्रंथी कॉन्ट्रास्ट न देताही यकृताहून उजळ दिसते आणि त्या उजेडात गाठ काळी उठून दिसते. आमच्या मते लहान गाठीसाठी हा एक सिक्वेन्स सर्वांत मोलाचा आहे, आणि ‘नुसत्या एमआरसीपी’त तोच नसतो. जुना दाह, वय किंवा ग्रंथीचा शोष यांमुळे स्वादुपिंडच काळवंडलेले असेल तर हा फायदा निघून जातो. अशा वेळी डायनॅमिक आणि डिफ्यूजन यांवर जास्त भर द्यावा लागतो. डिक्सन पद्धत वापरली तर चरबी अधिक समान दबते आणि इन-फेज, आउट-ऑफ-फेज (पाणी व चरबीचे सिग्नल एकत्र आणि एकमेकांविरुद्ध) प्रतिमा त्याच श्वासात मिळतात.

टी-टू एकदा आडव्या आणि एकदा उभ्या प्रतलात घ्यावे, ४ मिमी स्लाइसने. डिफ्यूजन बी-५०, बी-४०० आणि बी-८०० (बी म्हणजे डिफ्यूजनची तीव्रता), स्लाइस ४ मिमी, श्वासाला ट्रिगर केलेले, आणि एडीसी मॅप (पाण्याच्या हालचालीचे मोजमाप) सोबत. थ्री-डी एमआरसीपी साधारण १ मिमीची. त्याशिवाय एका श्वासात होणारे दोन-तीन जाड स्लॅब घेऊन ठेवावेत, कारण थ्री-डी बिघडली तर तेच आधाराला येतात.

जाडीबद्दल थोडा हिशेब मांडतो, कारण ‘६ मिमी चालते’ असे पुष्कळदा ऐकू येते. ६ मिमीची स्लाइस आणि १.२ मिमीची गॅप म्हणजे दोन स्लाइसच्या मध्यांत ७.२ मिमी अंतर. ८ मिमीच्या गाठीत एखादी स्लाइस संपूर्ण बसण्याची शक्यता जेमतेम चारांत एक. गाठ गोल असल्याने कडांना ती आणखी निमुळती, म्हणजे शक्यता त्याहूनही कमी. उरलेल्या तीन वेळा प्रत्येक स्लाइसमध्ये गाठ आणि निरोगी ऊती मिसळून एक फिकट करडा ठिपका तयार होतो, आणि त्यावर कुणी बोट ठेवत नाही. तीच गाठ ३ मिमीच्या, गॅप नसलेल्या स्लाइसमध्ये निदान एकदा आणि बहुतेक वेळा दोनदा पूर्ण येते. म्हणून डायनॅमिक टी-वन ३ मिमी किंवा त्याहून पातळ हवे, आणि यात तडजोड करू नये.

कॉन्ट्रास्टच्या टप्प्यावर सगळ्यांत जास्त चुका होतात. डोस ०.१ मिलिमोल प्रति किलो. ६० किलोच्या माणसाला अर्ध-मोलर (निम्म्या तीव्रतेचे) गॅडोलिनियम १२ मिली लागते आणि दुप्पट तीव्र, एक-मोलर गॅडोब्युट्रॉल फक्त ६ मिली. सीटीच्या ८०-१०० मिलीच्या सवयीने बघितले तर हे फारच थोडे आहे. २ मिली प्रति सेकंद वेगाने ६ मिली तीन सेकंदांत संपतात, इतका आखूड बोलस (एकदम दिलेला औषधाचा लोट) जरा पुढे-मागे झाला की आर्टेरियल फेज (औषध धमन्यांत असतानाची प्रतिमा) हातचा जातो आणि कडांना रेघा उमटतात. म्हणून एक-मोलर औषध १ मिली प्रति सेकंद वेगाने आणि अर्ध-मोलर २ मिलीने द्यावे, मागून २० ते ३० मिली सलाइन. हाताने सिरिंज दाबून दिलेल्या डायनॅमिकवर भरवसा ठेवता येत नाही, तेव्हा इंजेक्टर हवाच. कॅन्युला मनगटाच्या मागच्या बारीक शिरेत न लावता कोपराजवळच्या शिरेत लावावा.

वेळ ठरलेल्या सेकंदांवर सोडण्यापेक्षा बोलस पाहून घेणे चांगले. पोटाच्या महाधमनीत कॉन्ट्रास्ट दिसला की १५ ते २० सेकंदांनी पॅन्क्रियाटिक फेज (स्वादुपिंड सर्वांत उजळते ती वेळ), श्वास सोडून रोखायची सूचना द्यायला तेवढाच वेळ बरोबर पुरतो. बोलस पाहण्याची सोय नसेल तर इंजेक्शन सुरू झाल्यापासून ३५ ते ४० सेकंद धरावेत, पण हृदय कमजोर असलेल्या रुग्णात हा अंदाज चुकतो. पोर्टल फेज (यकृताकडे जाणारी पोर्टल शीर भरते ती वेळ) ६५ ते ७० सेकंदांनी, आणि उशिराचा ३ ते ५ मिनिटांनी. उशिराचा फेज गाळू नका. कर्करोगाच्या गाठीत तंतुमय भाग भरपूर असतो, ती सुरुवातीला काळी असते आणि सावकाश कॉन्ट्रास्ट धरत जाते. चित्र बरोबर वेळेला आले की नाही हे पडद्यावर लगेच ओळखता येते: स्वादुपिंड यकृताहून उजळ हवे, मूत्रपिंडाचा बाहेरचा थर आतल्या भागापासून स्पष्ट वेगळा दिसायला हवा, आणि यकृताच्या शिरा काळ्या हव्यात. यकृताच्या शिरा भरलेल्या दिसल्या तर फेज चुकला, आणि रिपोर्टमध्ये तसे लिहिले पाहिजे.

यकृतासाठीचे गॅडोक्झेटेट हे कॉन्ट्रास्ट केवळ हाताशी आहे म्हणून स्वादुपिंडासाठी वापरू नये. त्याचा डोस मुळात लहान, त्यामुळे आर्टेरियल फेज फिका येतो, आणि काही रुग्णांना नेमक्या त्याच सेकंदांत धाप लागून चित्र हलते. वापरायचेच झाले तर एमआरसीपी त्याआधी उरकावी, कारण ते पित्तात उतरले की पित्तनळीचा उजेड जातो. मूत्रपिंडाचा आजार आहे एवढ्यावरून कॉन्ट्रास्ट नाकारण्याची सवयही सोडायला हवी. गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट यांसारख्या स्थिर औषधांमुळे त्वचेच्या तंतुमय विकाराचा धोका अतिशय कमी असतो. जीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ३०च्या खाली असेल तर निर्णय रेडिओलॉजिस्टने घ्यावा. काउंटरवरच्या नियमाने रुग्ण परत पाठवला जाऊ नये.

श्वास हा या तपासणीचा खरा शत्रू. स्वादुपिंड प्रत्येक श्वासाबरोबर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वरखाली होते, म्हणजे आपण शोधत असलेल्या गाठीपेक्षा जास्त. श्वास घेऊन रोखला तर दर वेळी फुप्फुसे वेगवेगळी फुगतात. श्वास सोडून रोखला तर ग्रंथी त्याच जागी परत येते. रुग्णाला मशीनच्या बाहेर बसवून, त्याच्या भाषेत, दोन-तीनदा सराव करून घ्या. ‘श्वास घ्या, सोडा, आता तसेच थांबा’ एवढेच, आणि तेच शब्द दर वेळी. ऐकू कमी येत असेल तर हाताच्या खुणेचे आधीच ठरवून घ्यावे. वयस्कर रुग्णाला १८ सेकंद जमत नसतील तर रिझोल्यूशन जरासे कमी करून १२ सेकंदांत बसवा. हललेल्या बारीक चित्रापेक्षा स्थिर साधे चित्र केव्हाही बरे.

रुग्ण टेबलावरून उतरण्याआधी कुणीतरी प्रतिमा पाहिल्याच पाहिजेत. रिपोर्ट दुसऱ्या शहरातून येत असेल तर हे काम तंत्रज्ञाकडे येते, आणि ते करण्याचा अधिकार त्याला लेखी द्यायला हवा. शेपूट प्लीहेच्या देठापर्यंत पूर्ण आली का, अनसिनेट आणि ड्युओडेनमचा तिसरा भाग खाली कापला गेला नाही ना, फॅट सॅट कुठे फसली का, डिफ्यूजनमध्ये जठरातल्या हवेने धड गिळले का. डिफ्यूजन बिघडले असेल तर रुग्णाला कुशीवर वळवून किंवा पालथे झोपवून पुन्हा घेता येते, हवा सरकते.

वाचनाकडे वळतो. लहान गाठ शोधताना गाठ शोधण्याआधी नळी शोधावी. मुख्य नळी डोक्यात ३ मिमीपर्यंत, धडात २ आणि शेपटीत १ च्या आसपास असते. एखाद्या जागी ती अचानक अरुंद होते, त्यापलीकडे फुगते, तेवढ्याच भागात ग्रंथी पातळ झालेली आहे, किंवा अरुंद जागेच्या शेजारी एक छोटी सिस्ट बसली आहे, तर गाठ दिसो वा न दिसो, तो रुग्ण सोडायचा नाही. जपानमध्ये हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिची शहरात २००७ पासून हेच केले जाते. गल्लीतले डॉक्टर धोक्याची लक्षणे असलेल्या लोकांची सोनोग्राफी करतात; नळी फुगलेली किंवा सिस्ट दिसली की मोठ्या रुग्णालयात एमआरसीपी आणि एंडोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बिणीतून, जठराच्या आतून केलेली सोनोग्राफी) होते. नळीच्या अस्तरापुरताच मर्यादित असलेला कर्करोगही त्यांना या मार्गाने सापडू लागला, तोही प्रत्यक्ष गाठ दिसत नसताना, नळीच्या खुणेवरून.

डिफ्यूजन फार मदत करते, पण त्याच्या मर्यादाही आहेत. नळी अडली की पलीकडच्या भागाला दाह होतो आणि तोही चकाकतो, त्यामुळे गाठ संपते कुठे ते कळत नाही. बी-८०० वर उजळ आणि एडीसीवरही उजळ असेल तर ते पाणी आहे, गाठ नाही. दाहामुळे झालेला गोळा आणि कर्करोग यांची एडीसी मूल्ये एकमेकांत मिसळतात. केवळ आकड्यावर निदान लिहू नये.

फसवणाऱ्या गोष्टी ओळखीच्या आहेत. शेपटीच्या टोकाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची गोल, उजळ गाठ दिसली की ती प्रत्येक सिक्वेन्सवर प्लीहेशी ताडून पाहा. टी-वन, टी-टू, डिफ्यूजन, आर्टेरियल फेजमधली चट्टेरी झाक, सगळे जुळले तर ती बहुधा स्वादुपिंडात शिरलेली उपप्लीहा असते. टेक्नेशियम लावलेल्या लाल पेशींचे स्कॅन खात्री करून देते आणि शस्त्रक्रिया टळते. डोक्याच्या पुढच्या भागात साचलेली चरबी सीटीवर गाठीसारखी भासते. आउट-ऑफ-फेज प्रतिमेत ती काळी पडते आणि प्रश्न मिटतो. ड्युओडेनमचा डायव्हर्टिक्युलम (भिंतीतून बाहेर आलेली पिशवी) पाण्याने भरला की सिस्ट वाटतो. आत हवेची पातळी शोधावी. ऑटोइम्यून दाहात गाठ दिसते पण नळी तिच्यातून न तुटता आरपार जाते, आणि ग्रंथीभोवती काळसर किनार असते. आपल्याकडे क्षयरोगाचा विचार नेहमी मनात ठेवावा: स्वादुपिंडाशेजारच्या, मधोमध गळालेल्या आणि फक्त कडेने कॉन्ट्रास्ट धरणाऱ्या गाठी, आणि एवढे असूनही न फुगलेली नळी. अशा वेळी सुईने काढलेल्या नमुन्याची क्षयरोगाची जनुकीय चाचणीही करायला सांगावी. लहानपणापासून पोटदुखी, मग मधुमेह आणि नळीत मोठे खडे असा उष्णकटिबंधीय कॅल्सिफिक दाह असलेल्या रुग्णांत कर्करोगाचा धोका जास्त असतो. पण खडे एमआरआयवर फक्त काळी पोकळी म्हणून दिसतात, तिथे बिनकॉन्ट्रास्ट सीटी जोडीला लागते.

इन्सुलिनोमाचे (इन्सुलिन तयार करणारी गाठ) गणित उलटे आहे. वारंवार साखर उतरणे, रक्ततपासणीत इन्सुलिन वाढलेले आणि सीटी स्वच्छ, असा रुग्ण आला की गाठ बहुधा दोन सेंटिमीटरच्या आतली असते. ती कर्करोगासारखी काळी राहात नाही, आर्टेरियल फेजमध्ये काही सेकंद झळकते आणि टी-टूवर उजळ असते. त्या काही सेकंदांसाठी लागोपाठ दोन आर्टेरियल फेज घेता आले तर जरूर घ्यावेत. अशा रुग्णाला उपाशी ठेवताना साखर उतरते, म्हणून त्याचा नंबर सकाळी पहिला असावा आणि ग्लुकोज हाताशी असावे.

सिस्टबद्दल नेमके उलटे सांगायचे आहे: घाबरवू नका. जर्मनीतल्या पोमेरेनिया भागात सर्वसामान्य लोकांची एमआरसीपी केली गेली, २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि जवळपास निम्म्या लोकांत २ मिमी किंवा मोठी सिस्ट सापडली. रिपोर्टमध्ये ‘सिस्ट, पुढील तपासणी आवश्यक’ एवढेच लिहिल्याने घरभर काळजी पसरते आणि उपयोग काही होत नाही. तिचा आकार, नळीशी जोड, नळीची रुंदी आणि आतली घन गाठ हे चार मुद्दे लिहावेत. मुख्य नळी १० मिमी किंवा जास्त, आत कॉन्ट्रास्ट धरणारी ५ मिमी किंवा मोठी गाठ, किंवा डोक्यातल्या सिस्टमुळे कावीळ असेल तर लगेच शस्त्रक्रिया विभागाकडे. नळी ५ ते ९ मिमी, सिस्ट ३ सेंटिमीटर किंवा मोठी, वर्षाला २.५ मिमी किंवा अधिक वाढ असे काही असेल तर एंडोस्कोपिक सोनोग्राफी. यातले काहीच नसेल आणि सिस्ट २ सेंटिमीटरखाली असेल, तर २०२४ च्या क्योटो मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सहा महिन्यांनी एकदा आणि मग दर १८ महिन्यांनी पाहणे पुरते. या पाठपुराव्याला दर वेळी कॉन्ट्रास्ट लागत नाही. टी-वन, टी-टू, डिफ्यूजन आणि एमआरसीपी यांत काम होते, खर्चही वाचतो. म्हणजे छोटी तपासणी चुकीची नाही, पण ती ओळखीच्या सिस्टवर नजर ठेवण्यासाठी आहे. नव्या संशयासाठी नाही.

‘फुल बॉडी एमआरआय’ची पॅकेजे विकणाऱ्यांनाही सांगणे आहे. लक्षणे नसलेल्या, सामान्य जोखमीच्या लोकांची स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी सरसकट चाचणी करू नये, अशी अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाची २०१९ ची शिफारस आहे. पाच-सहा मिमी स्लाइसच्या, बिनकॉन्ट्रास्ट प्रतिमांवर ‘स्वादुपिंड निर्दोष’ असे छापून देणे चुकीचे आहे. चाचणी हवी ती जवळच्या नात्यात हा कर्करोग असलेल्या किंवा जनुकीय दोष ठाऊक असलेल्या लोकांची. त्यांच्यात साधारण पन्नाशीपासून, किंवा घरातल्या सर्वांत तरुण रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षे आधीपासून, दरवर्षी एमआरआय किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी करतात. काही जनुकीय दोषांत चाळिशीपासून.

एमआरआय स्वच्छ आला आणि तरी संशय राहिला, तर पुढची पायरी एंडोस्कोपिक सोनोग्राफी. दोन सेंटिमीटरखालच्या गाठीला ती एमआरआयपेक्षाही जवळून पाहते आणि तिथल्या तिथे सुईने नमुना घेता येतो. म्हणून रिपोर्टचा शेवट ‘स्वादुपिंड सामान्य’ असा करू नका. कोणते सिक्वेन्स घेतले, कोणता बिघडला, नळी तीन ठिकाणी किती मिमी, कोणता भाग नीट दिसला नाही, हे लिहा. गाठ दिसली तर ती कोणत्या भागात, किती मिमी, कोणत्या सिक्वेन्सवर सर्वांत स्पष्ट, आणि सुपिरियर मेसेंटेरिक धमनी व शीर, पोर्टल शीर, सीलियाक आणि हिपॅटिक धमनी यांच्या परिघाला १८० अंशांपर्यंत चिकटली आहे की त्याहून जास्त. सर्जनला पहिला प्रश्न हाच असतो.

सरकारी रुग्णालयांतल्या एमआरआयच्या निविदा आणि आरोग्य योजनांचे दर ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी दरपत्रकात ‘एमआरआय स्वादुपिंड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट व एमआरसीपीसह’ ही स्वतंत्र ओळ घालावी. आज पूर्ण तपासणी करणाऱ्या केंद्राला दुप्पट-तिप्पट वेळ जाऊनही पैसे एमआरसीपीचेच मिळत असतील, तर ते केंद्र कॉन्ट्रास्ट आणि वेळ दोन्ही वाचवणार. दोष एकट्या केंद्राचा नाही. करारात स्लाइसची कमाल जाडी, इंजेक्टर, बोलस ट्रॅकिंग आणि बी-८०० डिफ्यूजन लिहून घ्यावे. दर महिन्याला चिठ्ठ्या न निवडता काढलेल्या दहा तपासण्यांच्या प्रतिमा एका अनुभवी रेडिओलॉजिस्टने केवळ दर्जासाठी तपासाव्यात: फेज बरोबर आला का, शेपूट पूर्ण आहे का, एवढेच. आणि फिल्मवर भागवणे बंद करावे. एका फिल्मवर वीस चौकोन छापले की ८ मिमीची गाठ वाळूच्या कणाएवढी उरते, आणि खिडकी (प्रतिमेचा उजेड-गडदपणा) बदलून पाहण्याची सोयही जाते. प्रत्येक रुग्णाला सर्व सिक्वेन्ससह डायकॉम (मूळ डिजिटल) प्रतिमा सीडीवर, पेन ड्राइव्हवर किंवा लिंकने द्याव्यात. केंद्रानेही त्या जपून ठेवाव्यात, कारण अठरा महिन्यांनी पुन्हा आलेल्या सिस्टची वाढ मोजायची झाली तर जुन्या रिपोर्टमधल्या आकड्यावर भागत नाही. जुनी प्रतिमा शेजारी उघडून, त्याच सिक्वेन्सवर, त्याच प्रतलात मोजावे लागते.

ज्या केंद्रांना हा प्रोटोकॉल आपल्या मशीनवर बसवायचा आहे त्यांच्या तंत्रज्ञांना आम्ही सिक्वेन्स लावून देऊ, श्वासाच्या सूचना मराठीत रेकॉर्ड करून देऊ आणि सुरुवातीच्या तपासण्या बरोबर बसून पाहू. त्यासाठी शुल्क नाही.

आपले,
स्वादुपिंडाच्या आजारांवर काम करणारे काही रेडिओलॉजिस्ट, एमआरआय तंत्रज्ञ, पोटविकारतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक